शंभर मिलीला नव्वद सेकंद

धुळ्यात समुद्र ठेवायचा म्हणजे आधी लोकांचं हसणं सोसायचं. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चार फुटी काचेची एक टाकी होती, तिच्यात दीडशे लिटर खारं पाणी होतं आणि त्या पाण्यात समुद्रघोड्यांची एक जोडी होती. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. गावात नळाला एक दिवसाआड पाणी येई, आणि आम्ही इकडे खाऱ्या पाण्याचे लाड पुरवत बसलो होतो. रसायनशास्त्राचे एक सर येता-जाता विचारायचे, "काय मॅडम, आज भरती किती वाजता?" मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, नोकरीचं दुसरं वर्ष होतं आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर असे. आता वयानं तो बराच उतरलाय. पण त्या रागाच्या भरात मी एक गोष्ट केली, म्हणजे खरं तर केली नाही, आणि तिचं ओझं अजून उतरलेलं नाही.

टाकी नावापुरती विभागाची होती, पण ती होती आबांची. आबा आमचे लॅब अटेंडंट. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. बरण्यांमधलं फॉर्मॅलिन बदलणं, डिसेक्शनचे ट्रे धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवणं ही त्यांची कामं. गाव साक्रीकडचं, पांझरेच्या काठचं. त्यांचे वडील फडावर पाटकरी होते आणि नोकरी लागेपर्यंत आबांनीही तेच काम केलं होतं.

मी फैजपूरकडची, केळीच्या मुलखातली. फड म्हणजे काय हे मला आबांकडूनच कळलं. नदीला बंधारा घालायचा, त्याच्या पाटाखालची जमीन मोठमोठ्या तुकड्यांत वाटायची, एका तुकड्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. तो तुकडा म्हणजे फड. पण खरी गंमत पुढं आहे. शेत ज्याचं असेल त्यानं आपल्या शेताला पाणी द्यायचं नाही. पाणी देणार पाटकरी, सगळ्यांनी मिळून नेमलेला. दुसऱ्या कोणी पाटाला हात लावायचा नाही, मग तो गावचा पाटील का असेना. आबा सांगायचे, "मालकले मनं पीक, मनं पीक व्हस. पाटकरीले बठ्ठं सारखं." म्हणजे मालकाला आपलंच पीक दिसतं, पाटकऱ्याला सगळी सारखी. आमच्याकडे ज्याची विहीर त्याचं पाणी. मला हा सगळा प्रकार जरा अतीच वाटायचा.

समुद्रघोडे आले ते सहलीतून. दर डिसेंबरात आम्ही मुलांना कोकणात समुद्रजीव दाखवायला न्यायचो. त्या वर्षी आबाही आले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला त्यांनी. पोरं ओरडत पाण्यात धावली, आबा मात्र वाकले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकले आणि म्हणाले, "इतलं पानी, आन् एक घोट बी कामना नही." तिथल्या एका कोळ्याच्या जाळ्यात ती जोडी अडकली होती. त्याला तिचा काही उपयोग नव्हता, त्यानं ती देऊन टाकली. विभागप्रमुख सर म्हणाले, फॉर्मॅलिनमध्ये टाका. आमच्याकडे हाच रिवाज होता. समुद्रातलं जे काही हाती येईल ते बरणीत. आबा पहिल्यांदाच सरांना नाही म्हणाले. दुधाच्या कॅनमध्ये पाणी घेऊन ती जोडी त्यांनी मांडीवर धरून धुळ्यापर्यंत आणली. वाटेत दर अर्ध्या तासाला वाटीनं पाणी वरून ओतत राहायचे, म्हणजे हवा मिसळेल. बसमधली पोरं झोपली, मी झोपले, आबा ओतत होते.

आणली खरी, पण खायला काय घालायचं? समुद्रघोडा मेलेलं खात नाही. हलणारं, जिवंत, बारीक असं काही तोंडासमोरून गेलं तरच तो ते ओढून घेतो. एका परदेशी मासिकाच्या जुन्या अंकात मला उपाय सापडला. मोठ्या टाकीला जोडून एक लहान टाकी ठेवायची, तिच्यात शेवाळ वाढू द्यायचं आणि मासा एकही सोडायचा नाही. मग त्या शेवाळात बारीक कोळंबीसारखे किडे निर्धास्त वाढतात आणि त्यांतले थोडे पाण्याबरोबर वाहत मोठ्या टाकीत येतात. शेवाळ पाण्यातली घाणही ओढून घेतं. आबांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली. लहान टाकी वर स्टुलावर ठेवली, तिचं नाव पडलं वरचा फड. मोठी टाकी खालचा फड. किड्यांना आबा चिल्लर म्हणत.

पाणी वर चढवायला पंप नव्हता, आणि असता तरी वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ आबा खालच्या टाकीतलं पाणी बादलीनं काढून सगळ्यात वर ठेवलेल्या वीस लिटरच्या कॅनमध्ये भरत. कॅनमधून पाणी एका तोटीतून वरच्या फडात, तिथून काठावरच्या नळीनं खालच्या फडात. ती तोटी मी आणली होती. आमच्या केळीत वडिलांनी तीन-चार वर्षांपूर्वी ठिबक बसवलं होतं. शेजारचे हसायचे, केळीला सलाईन लावलं म्हणून. त्याच ठिबकाच्या सामानातली एक बारीक तोटी आणि हातभर नळी मी सुट्टीत उचलून आणली.

पाणी किती सोडायचं हे आबांनी ठरवलं. आठवडाभर ते रोज तोटी केसभर फिरवायचे आणि स्टुलासमोर बसून राहायचे. जास्त सोडलं की शेवाळाचे तंतू एका बाजूला लोळायचे आणि चिल्लर वाहून जायची. कमी सोडलं की काचेवर तवंग धरायचा. "पानी पयाले नको, मॅडम. चालाले पाह्यजे," असं ते म्हणायचे; पाणी पळायला नको, चालायला हवं. शेवटी एका जागी तोटी थांबली. मी मोजपात्र लावून पाहिलं. शंभर मिली भरायला नव्वद सेकंद. तेव्हापासून रोज सकाळी एकदा मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा असं ठरलं. मोजपात्र आबा धरत, घड्याळ मी पाहत असे. आणखी एक नियम त्यांनी घातला. टाकीतलं पाणी उन्हानं कमी झालं की काचेवरच्या रेघेपर्यंत साधं गोडं पाणी घालायचं, खारं नाही. "मीठ उडत नही, पानीच उडस." हे मला कुठल्याही पुस्तकात इतकं सोपं करून मिळालं नव्हतं.

सुरतेकडच्या एका एस.टी. ड्रायव्हरला गळ घालून आबांनी आधी टाकीपुरतं समुद्राचं पाणी आणवलं होतं, आणि पुढे ते महिन्याला दोन कॅन मागवत. ते गढूळ असे. आबा ते धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळत आणि आठवडाभर अंधारात ठेवत. मार्चपर्यंत समुद्रघोडे चांगले रुळले. आणि मग नराचं पोट फुगलं.

समुद्रघोड्यांत पिल्लं नर वागवतो. मादी त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते आणि पुढचं सगळं तो करतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. आबा हसले नाहीत, पण त्यांचा विश्वासही बसला नाही. मग पोट दिसायला लागल्यावर ते रोज काचेला नाक लावून बसू लागले. त्यांची बायको मुलगी चार वर्षांची असताना गेली होती. त्यांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. वेणी घालण्यापासून सगळं त्यांनीच केलं होतं. ती मुलगी आता पहिल्या बाळंतपणाला गावी आली होती, आबांच्या बहिणीच्या घरी. आबांनी तिला सांगून ठेवलं होतं, "मना आठे एक बाप बायंतीन व्हनार शे. तुन्हं झायं का तुले दखाडसू." हे सांगताना ते लाजले होते. ती पिल्लं जन्मताना पाहायची, मुलीला दाखवायची, एवढीच त्या माणसाची त्या वर्षातली इच्छा होती. मला ती पुरेपूर माहीत होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

आमचं भांडण झालं ते मार्चच्या अखेरीस. मला त्या मासिकात एक आकडा सापडला होता. तिथं लहान टाकीतून तासाला कितीतरी जास्त पाणी फिरवलं होतं. मी हिशेब केला तर आमचं पाणी त्यापुढे अगदीच मंद निघालं. मी आबांना न विचारता तोटी अर्धा आटा उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवाळ उपटून नळीच्या तोंडाशी गोळा झालं होतं, निम्मी चिल्लर वाहून खाली गेली होती आणि वरचा फड काठोकाठ भरून स्टुलावरून ओघळत होता. माझं तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं, वीस-बावीस मुलं समोर होती. आबा दारातून आत आले आणि थांबले.

"तोटीले हात कोनी लावा?"

"मी लावला, आबा. त्या मासिकात दिलंय की..."

"तुम्ही एमेस्सी शेतस, मॅडम. पन हाई तोटी मनी शे. फडमा एकच हात ऱ्हास. आजपाईन तुम्ही हात नका लावज्यात."

आवाज फार चढलेला नव्हता. पण मुलं ऐकत होती, आणि मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मला सगळ्यांसमोर एका अटेंडंटनं बोलावं हे सहन झालं नाही. अटेंडंट हा शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता, तो इथे झाकून ठेवत नाही. पोथीतली वांगी पोथीत हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलंही होतं, दोन दिवसांत आबांनी तोटी पुन्हा पहिल्या जागी आणली आणि शेवाळ सावरलं, तेव्हा त्यांचंच बरोबर हे दिसत होतं. म्हणून तर राग जास्त आला. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. ते मात्र विसरून गेले होते. सकाळी पूर्वीसारखंच म्हणत, "घड्याय दखा मॅडम, मी पात्र धरस."

एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना गावाहून निरोप आला, मुलीचे दिवस भरले म्हणून. दहा दिवसांची रजा त्यांनी टाकली. निघताना मला टाकीपाशी नेलं. कॅन दिवसातून तीनदा भरायचा, रेघेपर्यंत गोडं पाणी, काचेवर ओली गोणपाटं टाकायची, आकडा रोज लिहायचा. नराकडे बोट दाखवून म्हणाले, "हाऊ आजकालमा मोकया व्हई. ध्यान ठेवज्यात." आणि मग सवयीनं, "तोटीले हात नका लावज्यात."

"नाही लावणार," मी म्हटलं. "एकदा सांगितलंत ना, लक्षात आहे माझ्या."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि पिशवी उचलली. बसची वेळ झाली होती.

पहिले दोन दिवस शंभर मिलीला नव्वद सेकंद लागले. तिसऱ्या दिवशी सत्त्याण्णव. चौथ्या दिवशी एकशे पंधरा. ऊन चढलं होतं, लॅबच्या खिडक्यांना लावलेले खसाचे पडदे तासाभरात वाळत होते. कॅनमधलं खारं पाणी तोटीच्या तोंडाशी सुकून मीठ धरत होतं. पांढरी कड मला डोळ्यांनी दिसत होती. आबा रोज सकाळी तोटी ओल्या फडक्यानं पुसत, हेही आठवत होतं. सांगायला ते विसरले होते, कारण त्यांना ते सांगण्यासारखं काम वाटतच नसावं.

आता मी कोण होते ते पाहा. ठिबकवाल्याची मुलगी. आमच्या मळ्यात दर महिन्याला वडील नळ्या सोडवायचे आणि तोट्यांना चढलेलं पांढरं कीट आंबट पाण्यात बुडवून काढायचे. लहानपणी नाही, पण कॉलेजला असताना सुट्ट्यांमध्ये मी स्वतः शेकडो तोट्या अशा साफ केल्या होत्या. तोटी कशानं मिटते आणि कशी उघडते हे माझ्याइतकं त्या अख्ख्या कॉलेजात कोणाला माहीत नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं. फिरवायचीही गरज नव्हती, नुसतं तोंडावरचं मीठ ओल्या बोटानं पुसायचं.

पाचव्या दिवशी एकशे साठ सेकंद लागले. माझा हात तोटीकडे गेला. आणि त्याच क्षणी मला ते मागच्या बाकावरचं हसणं ऐकू आलं. मी हात मागे घेतला. मनात जे आलं ते असं होतं: नाही ना लावायचा हात? मग नाही लावत. येऊ देत त्यांना, पाहू देत. वहीत मी आकडा लाल शाईनं लिहिला. सहाव्या दिवशी दोनशे चाळीस, तोही लाल शाईनं. आबा परत आले की वही त्यांच्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं, घ्या, तुमचीच तोटी, तुमचाच नियम, मी कशाला हात लावला नाही. त्यांचा चेहरा कसा होईल हे मी मनातल्या मनात पाहत होते. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा म्हणतात, मी तर नाकही दुसऱ्याचंच कापत होते. खरं सांगते, मासे मरतील असं मला वाटलं नव्हतं. थोडं शेवाळ खराब होईल, आबांची जिरेल, मग आपण तोटी पुसून देऊ आणि मोठेपणा घेऊ, इतकंच डोक्यात होतं. त्या दिवशी नराचं पोट इतकं ताणलं होतं की कातडी पारदर्शक दिसत होती, आणि तरी मी वही मिटून घरी गेले.

सातव्या दिवशी शंभर मिली भरायला जवळजवळ सात मिनिटं लागली. कॅन रिकामाच होत नव्हता, त्यामुळे तो भरायचंही काम उरलं नव्हतं. त्यानंतर कॉलेजला दोन दिवस सुट्टी होती. चावी माझ्याकडेच होती. मी गेले नाही.

सुट्टीनंतर दार उघडलं तेव्हा वास आला. वरच्या फडातलं पाणी साचून कोमट झालं होतं, शेवाळ पांढरं पडून विरघळलं होतं आणि चिल्लर तळाशी भुकटीसारखी पडली होती. जे थेंब थेंब पाणी खाली पाझरत होतं ते सडकं होतं. खाली नर एका काडीला शेपटी गुंडाळून आडवा पडला होता. पोट रिकामं होतं. पाण्याच्या पातळीला काचेला चिकटून शंभरएक पिल्लं होती, नखाएवढीसुद्धा नव्हती, पण प्रत्येकाला घोड्याचं तोंड होतं. म्हणजे तो सुट्टीत कधीतरी मोकळा झाला होता. खायला काही नव्हतं आणि पाहायला कोणी नव्हतं. मादी संध्याकाळपर्यंत तग धरून होती, मग तीही गेली.

मी रडले. रडू खरं होतं, पण त्याच्यात भीतीही होती, आणि ती कशाची होती ते मला माहीत होतं.

आबा दुसऱ्या दिवशी आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. मुलीला मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. दारातूनच म्हणाले, "व्हयना का मोकया?" आणि मग त्यांना वास आला. ते टाकीपाशी जाऊन उभे राहिले. पुडा त्यांच्या हातातच होता. विभागप्रमुख सर आत आले, हळहळले आणि म्हणाले की नर आणि पिल्लं एकत्र बरणीत घालून ठेवा, असा नमुना जिल्ह्यात कोणाकडे नसेल. त्यात त्यांचं चुकलं नाही, रिवाजच तो होता. आबांनी चिमट्यानं एकेक पिल्लू काचेवरून सोडवलं.

काम झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि वही मागितली. मी दिली. ते खाली बाकावर बसले आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचू लागले. नव्वद, नव्वद, सत्त्याण्णव, एकशे पंधरा. मी उभी होते. लाल शाईपाशी त्यांचं बोट थांबलं. आता ते विचारतील असं मला वाटलं, आणि मनाशी ठरवलं की विचारलं तर सांगून टाकायचं. मला दिसत होतं, आबा. मला तुमच्यावर राग होता. एवढी दोन वाक्यं होती, मी ती जुळवूनही ठेवली होती.

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी उलगडल्यासारखं ते म्हणाले, "तुम्ले वाटनं व्हई, आकडा वाढी ऱ्हायना म्हंजे पानी वाढी ऱ्हायनं. म्हनीसन तांबडा करात."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग कळलं. त्यांच्या मते मी आकडे उलटे वाचले होते. नव्वदाचे एकशे साठ झाले, दोनशे चाळीस झाले, म्हणजे पाणी जास्त येतंय असं समजून मी स्वस्थ राहिले. मॅडमना मासे मारायचे नव्हते, मॅडमना कळलं नाही. त्यांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. पाणी कमी होतंय हे दिसत असताना कोणी नुसतं पाहत बसेल, हे पाटकऱ्याच्या डोक्यात कुठून येणार?

मी एम.एस्सी. होते. विद्यापीठात दुसरी आले होते. मी म्हटलं, "हो."

"मन्हीच चूक," आबा म्हणाले. "मी तुम्ले समजाडं नही. नुसतं हात नका लावज्यात, हात नका लावज्यात करत बसनू."

आणि मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. दुसऱ्या दिवसापासून, परीक्षांचं काम संपलं की दुपारी, साध्या पाण्याचा कॅन लावून. तोटी सोडवून तिचं कीट त्यांनी लिंबाच्या पाण्यात काढलं आणि मला दाखवलं, असं बरं का. मोजपात्र माझ्या हातात दिलं, घड्याळ स्वतःकडे घेतलं. तोटी आवळून म्हणत, "आते दखा, वेय जास्ती लागनी. म्हंजे पानी कमी. समजनं ना?" मी म्हणे, समजलं. तोटी सैल करून म्हणत, "आते वेय कमी लागनी. म्हंजे पानी जास्ती." मी मान हलवे. त्यांनी मला तोटीला हात लावायला लावला, माझी बोटं धरून केसभर फिरवणं शिकवलं. एवढ्या मायेनं मला कोणी काही शिकवलं नाही. आठ-दहा दिवस हे चाललं. रोज मला वाटे, आज सांगू. पण दर दिवसाला सांगणं जास्त अवघड होत गेलं, कारण आता मला आदल्या दिवशी मान हलवल्याचीही कबुली द्यावी लागली असती. अडाणी ठरणं मला परवडलं. दुष्ट ठरणं परवडलं नाही.

टाकी पुन्हा भरली नाही. सरांनी सुचवलं होतं, पुढच्या सहलीत पाहू म्हणून. आबा म्हणाले, नको. पावसाळ्यात त्यांची मुलगी बाळाला घेऊन कॉलेजात आली. आबांनी तिला बरण्यांच्या कपाटापाशी नेलं आणि ती बरणी खाली काढली. "हाऊ दख, मी सांगत व्हतू ना, तो बाप. आन् हाई त्याना पोरं." मुलगी बरणीकडे पाहून म्हणाली, "मरी गयात का हो बठ्ठा?" आबा म्हणाले, "हा बेटा. ऊन भलतं व्हतं त्या वरीसले." मी पलीकडे बेसिनवर स्लाइडी धूत होते. स्वच्छ झालेल्या स्लाइडी मी पुन्हा धुतल्या.

दोन वर्षांनी आबा निवृत्त झाले. कॉलेजच्या हॉलमध्ये निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. आबांना दोन शब्द बोला म्हणाले. ते माइकपासून हातभर लांब उभे राहून बोलले. कोणाकोणाचे उपकार झाले ते सांगितलं, आणि मग माझ्याकडे पाहून हसत म्हणाले, "आन् आमना मॅडमले मी पानी मोजाले शिकाडं. एमेस्सीले!" सगळा हॉल हसला. रसायनशास्त्राचे सर सगळ्यात मोठ्यानं हसले.

त्यानंतर विभागाच्या वतीनं बोलायची माझी पाळी होती. माइक माझ्या हातात होता, आबा पहिल्या रांगेत होते. त्या क्षणी सांगितलं असतं तर निदान त्यांच्या हयातीत सांगितलं असं झालं असतं. मी म्हटलं, "आबा म्हणतात ते खरं आहे. मला आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी शिकवलं नसतं तर मला ते कधीच कळलं नसतं." टाळ्या झाल्या. माझा आवाज भरून आला, तो लोकांना कृतज्ञतेचा वाटला.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी आबा माझ्याकडे आले. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "तुम्ही खरं बोलनात, मॅडम. इतला लोकेसमोर आपली चूक कोन मान्य करस?"

मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड भरून आशीर्वाद दिला.